नव्या भांड्यांचा बुधवार

"हे नको," मी म्हणालो. "डुगडुगतंय."

पातेलं दुकानातल्या फरशीवर ठेवून मी त्याची एक कड बोटानं दाबली. समोरची कड टकदिशी वर आली. बाईंनी वाकून पाहिलं, स्वतःही एकदा दाबून बघितलं आणि मान हलवली.

"मला नसतं हो कळलं. मी चकाकी बघूनच उचललं असतं."

"चकाकी चार दिवसांची. बूड सपाट नसलं की दूध एका बाजूनं लागतं. मग घासत बसा."

भांड्यांच्या दुकानातल्या बाईला मी भांड्यांचं शिकवत होतो आणि ती शिकून घेत होती. एकोणिसाव्या वर्षी माणसाला माज चढायला याहून जास्त काही लागत नाही. त्यातून बाई मला अहोजाहो करत होत्या. तोवर मला अहोजाहो फक्त रेशनदुकानदारानं केलं होतं, तेही मागच्या माणसाला करायचं ते चुकून मला.

दुकान कऱ्हाडच्या पेठेत, आमच्या लांबच्या नात्यातल्या भालचंद्रशेठचं. मी आणि माझे वडील, म्हणजे तात्या, पोचलो तेव्हा बाई आत गादीच्या कडेला बसून फडक्यानं एक डबा पुसत होत्या. चाळिशीच्या असतील. फिकट निळं पातळ, हातात घड्याळ, बोलणं मऊ. तात्या पायरीवरूनच म्हणाले, "हा उल्हास." मग मला म्हणाले, "काय काय लागतं ते यांना दाखव. घाई करू नकोस. मी पोस्टात जाऊन येतो." आणि लगेच वळले. शेठही म्हणाले, "मालूअक्का, तुम्ही दोघं निवांत बघा. मी माळ्यावरच्या कढया काढतो." तेही शिडीवर चढले. पोस्टात तात्यांचं काय काम होतं, हे मी विचारलं नाही. तात्यांना काही विचारायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

घर म्हणजे आम्ही दोघंच. आई गेली तेव्हा मी पंधराचा होतो. तात्या पाटबंधारे खात्यात आरेखक, धरणांचे कालवे कागदावर काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि त्यांना पोटातल्या जखमेचा जुना त्रास. दोन दिवस खानावळीचं खाल्लं की तिसऱ्या दिवशी पोट धरून वाकायचे. म्हणून आईचे दिवस झाले त्याच आठवड्यात मी स्टोव्हसमोर उभा राहिलो, तो चार वर्षं उभाच होतो. आधी करपलं, मग कच्चं राहिलं, मग जमलं, आणि पुढं मला ते आवडायला लागलं. मित्र चिडवायचे. चिडवोत बापडे, त्यांना साधा चहा करता येत नव्हता.

त्या जुलैत मला नाशिकच्या तंत्रनिकेतनातून पत्र आलं होतं. यंत्रविभागात जागा मिळाली होती. कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं, शेवटची मुदत शनिवार. मी पत्र तात्यांच्या पुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "तुझं तू बघ. मी अडवणार नाही. माझ्या पोटाचं काय, ते तुला माहितीच आहे." एवढंच. मी दोन रात्री विचार केला आणि शनिवार जाऊ दिला. त्या दिवशी मी मुगाची खिचडी केली. तात्यांनी ती दोनदा घेतली.

आणि मंगळवारी सकाळी दाढी करता करता ते म्हणाले, "उद्या रजा टाकतोय. स्वयंपाकघराला सगळी नवी भांडी घेऊ. तुला हवी तशी निवड."

तुला हवी तशी! मला काय वाटलं ते कसं सांगू? तात्या पाठीवर हात ठेवणाऱ्यातले नव्हते. मला वाटलं, न बोलता का होईना, त्यांना कळलं. मी काय सोडलं ते कळलं. बुधवारी दुकानाकडं जाताना मी रस्ताभर कढयांची मापं घोकत होतो, आणि इतका खूश होतो की समोरून आलेल्या वर्गमित्रालासुद्धा सांगितलं, भांडी घ्यायला चाललोय. तो हसला. हसू दे म्हटलं.

"आता कढई कोणती घ्यायची?" बाईंनी विचारलं. शेठनी शिडीवरून तीन-चार कढया खाली दिल्या होत्या.

"दोन लागतील. एक लोखंडी, एक जाड बुडाची हिंडालियमची. लोखंडीत पिठलं फार छान होतं, पण झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं. राहिलं तर काळं पडतं, आणि तात्या काळं पिठलं बघितलं की ताट सरकवतात."

"असं होय. आणि तिखट? त्यांना चालत नाही ना?"

"चालत नाही, पण वास लागतो. म्हणजे मिरची उभी चिरायची, तुकडे नाही करायचे. फोडणीत टाकायची आणि वाढताना आठवणीनं काढायची. ते चवीचं काही बोलणार नाहीत. तुम्ही बघायचं, दुसऱ्यांदा घेतात का. घेतलं तर समजायचं जमलं."

बाई हसल्या. "आणि उपास?"

"गुरुवार. साबुदाणा अजिबात नाही, पोटात गोळा येतो. वरीचा भात, आणि दाण्याची आमटी पातळ. आमसूल नाही घालायचं. आई घालायची नाही, मीही घालत नाही."

"थांबा हं," म्हणत त्यांनी पिशवीतून छोटी वही काढली आणि पेन्सिलीनं लिहायला लागल्या. मला वाटलं, कढयांची मापं लिहिताहेत. मान वाकडी करून बघितलं, तर सुंदर गोल अक्षरात लिहिलं होतं, 'दाण्याची आमटी, आमसूल नको.'

"हे कशाला लिहिताय?"

"विसरायला होतं मला," त्या म्हणाल्या.

बहुतेक यांच्याही घरी कुणाला तरी पोटाचा त्रास असणार, असं मी ठरवून टाकलं आणि आणखी उत्साहानं सांगायला लागलो. मी काय काय सांगितलं नाही! ताकातल्या चाकवताला बेसन किती लावायचं, भाकरीचं पीठ कोणत्या गिरणीतनं आणायचं, रात्री दूध किती कोमट हवं. बिडाचा तवा उचलून दाखवत सांगितलं, की नवा तवा तांदळाच्या धुवणात तीन दिवस बुडवून ठेवायचा, मग तेल चोळून त्यावर कांदा परतायचा, तो कांदा टाकून द्यायचा, आणि असं चारदा केलं की मगच घावन सुटतं. ही आईची युक्ती. मी ती तोवर कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

"चारदा?" बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"चारदा. तिसऱ्यांदा वाटतं की झालं. पण नसतं झालेलं."

त्यांनी वही मिटली. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या घावनांवर इतकं हळवं होण्यासारखं काय होतं, ते मला कळेना.

"तुम्ही किती मनमोकळं सांगितलंत सगळं," त्या म्हणाल्या. "मला आज इथं यायची फार धास्ती वाटत होती. खरंच सांगते."

म्हणजे बाई दुकानात नवीन होत्या. म्हणूनच पातेल्याचं बूड कळत नव्हतं. मी मोठेपणानं म्हणालो, "पहिल्या दिवशी वाटतंच तसं. होईल सवय."

त्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. त्या दिवशीचं माझं ते शेवटचं हसू.

"कुकर जरा मोठाच घेऊ या का?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तुम्ही सुट्टीत याल, तेव्हा लहान पडायला नको. नाशिकला निघणार कधी?"

मी हातातला तवा खाली ठेवला.

"नाशिकचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वडिलांनीच की तुमच्या. म्हणाले, जागा मिळाली, पोरगं हुशार आहे, लवकरच निघेल."

"मी नाही जाणार. मुदत संपली. शनिवारी."

"कुठल्या शनिवारी?"

"ह्याच. चार दिवस झाले."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांचं अहोजाहो कुठल्या कुठं गेलं. "का नाही गेलास?"

"तात्यांच्या जेवणाचं कोण बघणार?" मी म्हणालो. मला त्यात सांगण्यासारखंही काही वाटलं नव्हतं.

त्या हळूच खाली बसल्या. गादीवर नाही, कढयांच्या शेजारी, फरशीवरच.

"उल्हास, मी कोण आहे हे तुला ठाऊक आहे ना?"

"तुम्ही... इथं दुकानात..."

माझंच बोलणं मला ऐकू आलं आणि मी शिडीकडं बघितलं. भालचंद्रशेठ वरून दुसऱ्या पायरीवर उभे होते. हातातली कढई ते आधीच लख्ख असलेल्या जागी पुसत होते. माझ्याकडं बघेनात.

"मी वाईला बालवाडीत शिकवते," बाई म्हणाल्या. "भालचंद्र माझा आतेभाऊ. मार्चपासून तुझ्या वडिलांचं आणि माझं... म्हणजे लग्नाचं बोलणं चाललंय. मी म्हटलं होतं, घरात एवढा मोठा मुलगा आहे, त्यानं इतकी वर्षं घर सांभाळलंय, त्याला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. ते म्हणाले, विचारलं. तो तयार आहे. तो नाशिकला शिकायला चाललाय, जाण्याआधी तुम्हाला घरातलं सगळं समजावून देईल म्हणाला, भांडी पण तोच निवडून देणार आहे. आज मी होकार द्यायला आले होते रे."

मला पहिल्यांदा कशाची लाज वाटली असेल, तर त्या कांद्याची. चारदा परतायच्या कांद्याची. आईची एकुलती एक युक्ती मी जाहिरातीसारखी वाटून बसलो होतो. मला घरातून मोकळं करायचं काम माझ्याच तोंडून करून घेतलं होतं, आणि मी वर 'होईल सवय' म्हणून धीर देत होतो.

मग मार्च हा शब्द डोक्यात शिरला. मार्चपासून. पत्र आलं जुलैत. म्हणजे मी ते पत्र तात्यांपुढं ठेवलं, तेव्हा त्यांना माहीत होतं. 'माझ्या पोटाचं काय, ते तुला माहितीच आहे' असं म्हणाले, तेव्हा त्यांच्या पोटाची दुसरी सोय होत आली होती. शनिवारी खिचडी दोनदा घेतली, तेव्हाही माहीत होतं. चार शब्द बोलले असते तर मी शुक्रवारच्या रात्रीची गाडी पकडली असती. पण बाईंचा होकार यायचा होता. बाई नाही म्हणाल्या असत्या तर? तर मी होतो. एखादं जुनं पातेलं नवं येईपर्यंत मोडीत काढत नाहीत, तसं त्यांनी मला ठेवलं होतं.

त्यांनी दुसरं लग्न करू नये असं मला वाटत होतं का? थोडं वाटलंच असतं, खोटं कशाला बोलू. चार दिवस रुसलो असतो. पण गेलो असतो. त्या कॉलेजाचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही.

"मला वाटलं, तुमचं घरात सगळं बोलणं झालंय," शेठ शिडीवरून पुटपुटले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तात्या आले. पायरीवर चपला काढताना त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा दिसला. पोस्टात पेढे मिळत नाहीत.

"काय?" ते म्हणाले. आवाजात मी कधी न ऐकलेला हुरूप होता. "झाली का नीट ओळख?"

बाई उठल्या.

"तुम्ही मला सांगितलंत, मुलगा नाशिकला चाललाय."

"हो, म्हणजे... जाणारच होता."

"त्याची मुदत शनिवारी संपली. तुम्हाला माहीत होतं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं झाली, पण ती नजर मला अजून दिसते. त्या नजरेत लाज असती तर मी कदाचित तिथंच विरघळलो असतो. तात्या चिडले होते. घरातली गोष्ट बाहेर सांगितल्यावर लहानपणी चिडायचे, तसे.

"पुढच्या वर्षी जाईल की," ते म्हणाले. "वर्षानं काय बिघडतंय? तुमचं इथं बस्तान बसेपर्यंत घरात कुणीतरी माहितगार हवं म्हणून मीच..."

"त्याला विचारलंत म्हणालात. तो तयार आहे म्हणालात."

"विचारणारच होतो. आज घरी गेल्यावर."

"भांडी घेऊन झाल्यावर," बाई म्हणाल्या.

बाईंनी पिशवी उचलली. वही उघडली, लिहिलेली दोन पानं हलक्या हातानं फाडली आणि माझ्या हातात दिली.

"ही तुझी आहेत," त्या म्हणाल्या. "मला माफ कर. मी खरंच समजत होते, की तू मला ओळखून सगळं सांगतोयस." मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, "पोटच्या पोराशी तुम्ही असं वागलात. मी तर परकी."

"मालिनीबाई, अहो ऐका तरी," तात्या म्हणाले. शेठही शिडीवरून "अक्का, अक्का" करत घाईनं उतरले. पण त्या चपला घालून रस्त्याला लागल्या होत्या. स्टँडच्या दिशेनं गेल्या. पाठमोऱ्या चालतानाही त्या कुठं अडखळल्या नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांच्याबरोबर चालत जावंसं वाटलं.

तात्या गादीच्या कडेला बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तारीख सांगायची काय गरज होती तुला?"

मी वाट बघत होतो. मला वाटलं, यानंतर दुसरं काहीतरी येईल. 'चुकलो' असं नाही, तात्या तो शब्द वापरत नसत. पण निदान, 'नाशिकला परत लिहून बघू या का' एवढं तरी. मी ती दोन पानं हातात धरून उभा होतो आणि मनातल्या मनात त्यांना अक्षरशः विनवत होतो, की बोला काहीतरी, बाप आहात माझे.

त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला.

"घे. आता आणलेत ते वाया कशाला घालवायचे." मी घेतला नाही, तेव्हा त्यांनी स्वतः एक तोंडात टाकला. "एका अर्थी बरंच झालं म्हण. बाईंचं आपल्याकडं निभलं नसतं. आपण दोघं आहोत तेच बरे आहोत. काय?"

भालचंद्रशेठ बिचारे अवघडून गेले होते. माणूस अवघडला की आपला धंदा करायला लागतो. त्यांनी मी निवडलेली भांडी एकात एक बसवली, मग पुन्हा बाहेर काढली, आणि घसा साफ करत म्हणाले, "तात्या, तिघांचा अंदाज धरून काढलं होतं हे. आता लहान मापाचं देऊ ना? दोघांचं बांधू?"

"दोघांचं बांधा," तात्या म्हणाले.

"एकाचं बांधा, शेठ," मी म्हणालो. "तात्यांपुरतं."

शेठचा हात कढईवरच थांबला. तात्यांनी मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. मी ते पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. पायरीपाशी जाऊन चपला घातल्या. हातातली पानं खिशात घातली. मला कुठं जायचं होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की तात्यांनी आता 'कुठं चाललास' एवढं विचारलं, तर माझा पाय तिथंच थांबेल. मी मुद्दाम सावकाश चपला घातल्या.

"उल्हास," तात्यांनी मागून हाक मारली.

मी वळलो.

"मग आज संध्याकाळी मी जेवायचं काय?" त्यांनी विचारलं.